नवरी कामून बोलंना?

प्रिय जगू,

जय भीम. मी बी.ए. पास झाले! आमच्या घरात पहिलीच, म्हणून अप्पांनी अर्ध्या चिंताकी गावाला पेढे वाटले. तुझा वाटा डब्यात ठेवलाय, मुंग्या लागायच्या आत खाशील तर.

पण पत्र त्यासाठी नाही. परवा बीदरच्या हॉस्टेलात आपला तो तेलुगू सिनेमा पुन्हा पाहिला. दोन येडे दोस्त चोरीला गेलेली म्हैस परत आणतात आणि कुणी ओळखू नये म्हणून तिला शालू नेसवून वरातीच्या गाडीत बसवतात, तो. शाळेत असताना तुमच्या ओट्यावर कितीदा पाहिला! मला तेलुगू कळायचं नाही. तुझं आजोळ तेलंगणातलं, म्हणून तू शेजारी बसून सगळं मराठीत सांगायचीस आणि हसून हसून माझं पोट दुखायचं.

या वेळी शेजारी होती माझी रूममेट लिंगम्मा, घरात तेलुगूच बोलणारी. हवालदार गाडी अडवतो, तिथं मी आधीच हसायला लागले. म्हटलं, आता तो विचारणार, "नवरी कामून बोलंना रे?" लिंगम्मा माझ्याकडे बघतच राहिली. "असं कुठं म्हणायलाय तो? लायसन मागायलाय!" पुढचा विनोदही सिनेमात नव्हता. त्याच्या पुढचाही नाही. लबाडे, अर्धा सिनेमा तूच रचला होतास!

सिनेमानं समाजाला काही शिकवलं पाहिजे, असं मी तेव्हा म्हणायची. तू म्हणायचीस, "गप बस गं मास्तरीणबाई, म्हैस बघ." बघितली. एक येडा खड्ड्यात पडला की दुसरा, खड्डा दिसत असूनही, मागोमाग उडी मारतो. मैत्रीबद्दल दोघंही अवाक्षर काढत नाहीत. मला आता तेवढं पुरतं.

लग्न होऊन तू दुबलगुंडीला गेलीस. फोन केला की मागून भांड्यांचा आवाज येतो आणि तू म्हणतेस, "बरं हाय." दिवाळीपासून एवढंच. अख्ख्या सिनेमाला नवी जीभ देणारी माझी जगू दोन शब्दांवर आली, हे मला सहन होत नाही.

हवालदाराला तू काय उत्तर दिलं होतंस, आठवतं? "साहेब, दोस्तानं हाक मारल्याबिगर तिला कंठ फुटत न्हाई." मग मागून दुसरा येडा हाक मारायचा आणि म्हैस शालूतून रेकायची. रविवारी मी येतेय. सासूबाईंनाही सिनेमा दाखवू, आवाज बंद करून. बोलायचं तू. मी दारातून हाक मारीन. आतून रेकायचं, मोठ्यानं.

तुझीच, दुसरी येडी,
स्नेहल