खोबरेलाचा फिल्टर

३ जानेवारी, शुक्रवार
फिल्टर झाला एकदाचा! राजदूत मोटारसायकलचा मूळचा हवेचा फिल्टर हात लावताच भुगा झाला होता. नवा मिळत नाही. दुकानदार म्हणाला, ‘काका, ही गाडी आता फोटोतच बघायची.’ मग घरीच केला. तारेच्या जाळीचं नळकांडं, त्यावर गादीतला स्पंज, वरून कोळंबीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा, आणि नायलॉनच्या दोऱ्याने आवळला. गाठ मारताना उजवी बोटं तीनदा घसरली. ऑगस्टात अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून ही बोटं ऐकत नाहीत.

स्पंजला तेल पाजावं लागतं, नाहीतर रस्त्याची तांबडी धूळ सरळ इंजिनात. इंजिन ऑइल गावात फक्त धोंडूशेठच्या मासेमारी लाँचवर मिळेल. पण तिथे मी जाणार नाही. पाच महिने बंदरावर पाऊल टाकलेलं नाही. वीस वर्षं त्याची इंजिनं सांभाळली, आता त्याच्यासमोर थरथरता हात घेऊन उभा राहू? विमलाच्या डोक्याचं खोबरेल घेतलं. तेल ते तेल.

स्वतःशीच ठरवलंय. गाडी पावस गावाला जाऊन परत आली तर हात शाबूत, धोंडूशेठकडे पुन्हा कामाला. नाहीतर पोरगा रूपेश म्हणतो तसं विरारला, त्याच्या फ्लॅटवर, कायमचं. विमला त्याला कधीच हो म्हणून बसलीय.

दुपारी पहिल्या किकला सुरू. पूर्णगडात सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

४ जानेवारी
सकाळी सातला पावससाठी काढली. घरापुढच्या चढावर गुदमरली आणि बंद. ढकलत परत आणली. शेजारच्या हौसाकाकू ओटीवरून बघत होत्या. मी मान खाली घालून गाडी आत घेतली.

५ जानेवारी
दुपारी कार्बोरेटर खोलला, साफ केला, बसवला. मस्त पळाली. म्हणजे काल माझाच एखादा स्क्रू ढिला राहिला असणार.

६ जानेवारी
सकाळी पुन्हा बंद. त्याच चढावर.

८ जानेवारी
कार्बोरेटर पुन्हा खोलला. प्लग काळाकुट्ट. दुपारी चालते, सकाळी मरते – हे काय नवीन? इंजिन असं वेळ बघून वागत नाही. हातच बिघडवतोय. सकाळी माझी बोटं जास्त आखडतात, हेही खरं.

विमला म्हणाली, ‘कशाला त्या लोखंडात जीव घालवताव?’ संध्याकाळी रूपेशचा फोन. ‘बाबा, पंचवीस तारखेची तिकिटं काढू ना?’
काढ म्हणालो.

९ जानेवारी
लिहिण्यासारखं काही नाही. गाडीवर गोणपाट टाकलं.

१० जानेवारी, शुक्रवार
आज थंडी जोरात. विमला मासळी विकायला निघण्याआधी विंचरायला बसली. बाटली तळहातावर उपडी केली, तेल येईना. ‘गोठलाय मेला. अवो, जरा उन्हात ठेवा.’

मी बाटली घेतली आणि तसाच उभा राहिलो. मग धावलो, म्हणजे जेवढं धावता येतं तेवढं. गोणपाट काढलं, फिल्टर उघडला. स्पंज पांढराफटक, मेणासारखा घट्ट! सगळी भोकं बुजलेली. बिचाऱ्या गाडीने हवा घ्यायची कुठून? दुपारी उन्हाने तेल वितळायचं, की चालायची. आणि मी शहाणा, आठवडाभर कार्बोरेटर घासत बसलो! फिल्टरकडे बघितलंही नाही. तो मी स्वतः केलेला ना.

म्हणजे चूक डोक्याची. हाताची नाही. मी ओटीवर बसून हसलो. मग थोडा रडलोही, खोटं कशाला लिहू. विमला म्हणाली, ‘काय झाला?’ मी म्हणालो, ‘तुझं तेल गोठलं.’ माझ्याकडे बघत, तशीच न विंचरता गेली.

११ जानेवारी
स्पंज गरम पाण्याने, साबणाने धुतला. वाळला. आता खरं तेल हवं, म्हणजे बंदर आलं. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. शेवटी गेलो.

धोंडूशेठ जेटीवरच उभा. ‘शिवा! वाट बघून दमलो रे. लाँच नुसता धूर सोडतेय. रत्नागिरीवरना दोघं बोलावले, कोणाला कळत नाय.’ मी हात पुढे करून दाखवला. थरथरत होता. म्हटलं, हा असा आहे. तो म्हणाला, ‘कान तर नाय ना थरथरत? तू नुसता ऐक. पाना दुसरा कोणतरी फिरवील.’

तेलाचा डबा घेऊन घरी कसा आलो ते आठवत नाही.

१३ जानेवारी, सोमवार
सकाळी साडेसहा. दात वाजत होते इतका गारठा. चढ पार. पावस. टपरीवर चहा. परत. एकदाही बंद नाही!
किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खाल्ला, पण विमलाला सांगायचं धाडस झालं नाही. तिला मुलाकडे राहायचंय. तिचं मन कसं मोडू? तिकिटं रूपेशने फोनवर पाठवलीत, रोज दिसतात.

१५ जानेवारी
सांगून टाकलं – मला विरारला जायचं नाही. ती विळीवर सुरमई कापत होती. हात थांबला. ‘मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरलीवती? तुमका जायचा हाय असा वाटला, म्हणून मी हो म्हटला. जल्मभर मासे विकले, आता विरारात जाऊन विकत घेऊ?’