बिनफोडणीची कोंबडी

३ मे ८६, शनि.
सकाळी पेज चार चमचे. दुपारी तीही नको. मुंबईच्या इस्पितळात ह्यांच्या घशाला विजेचा शेक दिल्यापासून तिखट सोसत नाही, गोड कळत नाही. डॉ. म्हणतात, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. जायला हवं हे मलाही कळतं हो!
संध्याकाळी स्वतःहून बोलले. आवाज नाही, नुसता वारा. "बोटीवर करायचो तसं सलाड करशील?"
सतरा वर्षं बोटीवर कुक. घरी आले की पाटावर बसून माझ्या हातचं खायचे. तिकडे काय रांधतात ते मी कधी विचारलं नाही. आज लिहून घेतलं: कोंबडी मिठात उकडायची, निववून हातानं हाडांपासून सोडवायची. सफरचंद, द्राक्षं, टांगलेलं दही, लिंबू, मिरपूड. हळद नको. फोडणी नको. थंड हवं.

४ मे, रवि.
बाजारात द्राक्षं संपलेली. सफरचंद एकच मिळालं, तेही सुरकुतलेलं. ह्यांना विचारलं, पाडाचा आंबा चालेल? मान हलवली. डोळ्यांत जरा जीव आल्यासारखा वाटला.
कोंबडी सोडवत होते, तेवढ्यात सासूबाई चुलीपाशी आल्या. "ह्या काय गो? फोडणी नाय, हळद नाय. सुतकातला जेवान? माजा पोर जित्ता हाय अजून!"
मी म्हटलं, "तुमच्या पोरानंच सांगितलंय." तरतरा निघून गेल्या.
त्या गेल्यावर मी चिमूटभर हळद घातली. पळीत तेल तापवून मोहरी तडतडवली. कुणी सांगितलं नव्हतं. भीती त्यांची नव्हती, माझीच होती. त्या पांढऱ्या ताटाकडे बघवेना.
ह्यांनी एक घास घेतला. मोहरी घशाला लागली, ठसका, रक्ताचा धागा. ताट सरकवलं. "हळद घातलीस." रागावले असते तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड करून निजले.

५ मे, सोम.
सोमवार. कोंबडीचं नावही नाही. नुसतं पाणी. सा.बा. देवळात गाऱ्हाणं घालून आल्या. माझ्याशी अबोला.

६ मे
पाणीसुद्धा नको म्हणाले. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं.
एक गोष्ट मागितली होती माणसानं. एक. ती मला जमली नाही. देवा...

७ मे, बुध.
सकाळी सा.बां.नी आपली अंड्यावरची कोंबडी स्वतः धरून माझ्यासमोर ठेवली. "कर त्यानं सांगितल्यान तसा. फोडणी दिव नको." आणि पडवीत जाऊन पाठमोऱ्या बसल्या.
केलं. मीठ, मिरी, दही, सफरचंद, आंबा. वाडगा मडक्यातल्या पाण्यात ठेवून गार केला. हळदीच्या डब्याला शिवले नाही.
पाच चमचे. मोजले. सहाव्याला हात वर केला. आंब्याची फोड बराच वेळ जिभेवर धरून होते. मी विचारलं, "कळतंय?"
"आंबट."
एवढंच. आंबा गोड होता, मी चाखला होता. तरी काहीतरी कळलं ना. की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले?
दुपारनंतर पाचातलं निम्मं उलटून पडलं. डॉ. येऊन बघून गेले. मला आता आशा धरायचीसुद्धा भीती वाटते.
दिवेलागणीला सा.बां.नी दुसरी कोंबडी डालग्याखाली झाकली. मी म्हटलं, "आई, उद्या गुरुवार." त्यांच्या गुरुवारी ह्या घरात कधी मासळीही शिजली नाही.
"म्हायत हाय. त्यानं मागल्यान तर काप."
कोंबडी डालग्याखाली खुडबुडते आहे. ह्यांचा डोळा लागलाय. दही टांगून ठेवलं.