ओळखीचा वास

खैरान, नोव्हेंबर १९९०

हफिजाला सलाम.

मी बरा आहे, रडत बसू नकोस. अम्मानमार्गे मुलखाकडे निघालेल्या एकाजवळ हे पत्र देतोय.

लढाईला घाबरून इथले अरब मालक पळाले, त्यांची पाळलेली हरणं माझ्यावर सोडून. चारा संपला, आम्हा गड्यांचं पीठही संपलं. ज्यांना हातानं भरवलं त्यांच्यावर सुरी चालवायला मन धजेना, म्हणून धनुष्य केलं. लहानपणी कातकऱ्यांनी शिकवलं तसा वाऱ्याकडे तोंड करून जमिनीवर दबून बसलो. मीच आहे हे हरणीला कळायला नको होतं.

पण वारा फिरला. माणसाच्या वासानं हरणं पळतात. ही धावत आली आणि माझी बाही चाटू लागली.

शेवटी बिस्मिल्ला म्हणून सुरीच घेतली. सगळे जेवले. मीही जेवलो असं समज.

आपली शेळी कशी आहे? मी येईपर्यंत तिला कापू नकोस.

पोरांना दुवा.

इद्रीस