शमाच्या गळ्यातल्या दोन नळ्या

तम्मूज ३, रविवार

केवढी चूक केली मी!

ताईताच्या दोन नळ्या विस्तवावर धरायच्या होत्या. एक शेजारच्या गरोदर तुर्कियाची – आजेसासूपासूनची. तीन अडलेल्या बाळंतिणी सोडवल्या, म्हणून सिद्ध. तिची कडी तुटली होती. दुसरी आमच्या लेकीसाठी, शमासाठी, सना शहरातून आणलेल्या चांदीची, नवीकोरी, तिला डाख द्यायचा होता. आत बाळं नेणाऱ्या लिलिथ सैतानिणीला अडवणाऱ्या देवदूतांची नावं, कातड्यात शिवलेली. जळू नयेत म्हणून दोन्ही गुंडाळ्या बाहेर काढल्या – आणि ठेवल्या एकाच वाटीत! आमच्या धर्मगुरूने, मोरी अवादने, जुनीलाही परवाच नवं कातडं शिवलेलं. आता कुठली कोणाची, ओळखू येत नाही. शिवण उसवायची नाही. उसवली की ताईत मेला.

शमाची दोन बाळं गेली. हे तिसरं.

तम्मूज ४

मोरीकडे गेलो. म्हणाला, "अरे, सिद्ध असतात ती नावं. नळ्या काय, तुझ्यासारखा कोणीही ठोकतो!" स्वतःच हसला. उपाय नाही म्हणाला.

तम्मूज ५

बायकोला सांगितलं. रूमियाने क्षणात निकाल लावला. "दोन्ही गुंडाळ्या पोरीला घाला! तुर्कियाची चार अंगणात नाचतायत."

"आणि तिला?"

"रिकामी नळी द्या. उघडून बघणार आहे का ती?"

दिवसभर हातोडी हातात, काम काही नाही. रिकामी नळी कानाशी धरून हलवली. भरलेलीही अशीच मुकी असते. कोणाला कळलं नसतं.

तम्मूज ७, गुरुवार

प्रार्थना आटोपून सरळ तुर्कियाकडे. सगळं सांगून टाकलं. ती कालवणासाठी भिजवलेली मेथी फेटत होती. पोटावर हात ठेवून हसली – "एवढंच ना, काका? माझी पोरं रोटी भाजेपर्यंत बाहेर येतात. दोन्ही शमाला घाला!"

तिच्या सासूने मात्र तोंड फिरवलं.

रूमियाने दोन्ही नळ्या शमाच्या गळ्यात बांधल्या.

तम्मूज ८, शुक्रवार

शमाला कळा. भिंतीपलीकडे तुर्कियालाही! ऊन कललं, शब्बाथ लागेल, मग लिहिणंही वर्ज्य, लेखणी ठेवायला हवी. दयाळा, दोघींनाही –

तम्मूज १०, रविवार

काल दुपारी शमाला मुलगा झाला. रडला! मी स्तोत्र म्हणत दाराबाहेर होतो, पुढचे शब्दच आठवेनात.

तुर्कियाचं मूल आडवं होतं. सकाळभर तिच्या किंकाळ्या. प्रत्येक किंकाळी माझ्या वाटीतून निघाल्यासारखी. शेवटी तीही सुटली. मुलगी. दोघी जगल्या.

रूमिया म्हणते, "पाहिलंत? दोन नळ्या होत्या म्हणून आपली लवकर सुटली." मला पटलं. पटलं याचीच लाज वाटते.

तम्मूज ११

तुर्कियाची सासू आली. ओढणीतून दोन्ही नळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "तुमच्या पोरीने काल नव्हे परवा, सकाळीच पाठवल्या. म्हणाली, तिचं ओरडणं ऐकवत नाही. शब्बाथला वस्तू हातात नेणं वर्ज्य, अंगावर घातलेली चालते. सुईण गळ्यात घालून आली."

म्हणजे बाळ आलं तेव्हा शमाचा गळा मोकळाच होता.