उजवी मांडी

६ एप्रिल

उजवी मांडी भरून झाली. कॉलेजच्या लॅबमध्ये, एका दुपारीत! बाबांना एवढ्या वर्षांत जमलं नाही, ते मी पेन फिरवून करून मोकळी.

लुसिया मॅडमनी घरातल्या एका माणसावर छोटी फिल्म मागितली होती. मी बाबांना घेतलं – जाळं खांद्यावर, कमरेला गुंडाळलेला लावालावा वर खोचलेला, पाण्यात उतरताना पाठमोरे. शूटिंग झकास झालं. पण पाठ, कंबर, डावी मांडी गोंदणाने काळीभोर आणि उजवी कोरी. अर्धवट पेआ, पुरुषांचं गोंदण. लॅबच्या मोठ्या स्क्रीनवर ती कोरी मांडी माझ्या अंगावर आली. शेजारी वर्गातली पेनिना. तिने गेल्या वर्षी बायकांचं गोंदण, मालू, हूं की चूं न करता करून घेतलं. मला कधी धीर झाला नाही. मी पटकन फाइल बंद केली.

ती जेवायला गेल्यावर डाव्या मांडीची नक्षी उचलली, उलटी केली, उजवीवर बसवली. पाऊल पडेल तशी हलायला हवी म्हणून एकेक फ्रेम जुळवली. काय देखणे दिसतात बाबा!

९ एप्रिल

मॅडम खूश. कॉलेजच्या ऑनलाइन पानावर टाकते म्हणाल्या. मी हो म्हटलं. यातलं खरं किती, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

चर्चच्या दारात सलामासिना आत्याने बाबांना सगळ्यांसमोर मिठी मारली. "अरे, सांगायचं तरी!" जानेवारीत बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला पलीकडच्या बेटावर, आपियाला गेले होते ना – लोकांनी फिल्म बघून परस्पर ठरवून टाकलं, तिथेच पेआ पुरा करून आला. बाबांना काही उमगेना. मला उमगलं.

दुपारी पेलेनातो काका जेवता जेवता माझी फिल्म पुन्हा पुन्हा बघत होते. बोलले काही नाहीत. हे नवल! गोंदायला कुणी एकटं बसत नाही, जोडीने बसायचं, एकाचं दुखणं दुसऱ्याने सोसायचं. बाबांचे जोडीदार हेच काका. अर्ध्यात बाबा चटईवरून उठले ते परत गेलेच नाहीत. काकांनी आपलं पुरं केलं, आणि तेव्हापासून टोमणे पुरवून पुरवून वापरताहेत.

१५ एप्रिल

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गावच्या प्रमुखांचा निरोप आला. शनिवारी नव्या मताईला, म्हणजे कुळाच्या मुखियाला, पदवी देणार, बैठकीत आवा हे मानाचं पेय बाबांनी वाढायचं. उघड्या अंगाने, मांड्या दिसतील असा लावालावा खोचून. आमच्या गावात तो मान पुऱ्या पेआवाल्याचाच. बाबा 'बरं' म्हणाले. निरोप्या गेला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फिल्म लावून मोबाइल पुढे केला. शेवटपर्यंत पाहिली त्यांनी.

"किती वेळ लागला?"

"एक दुपार."

"दुखलं का?"

एवढंच. चप्पल फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मी स्वतःला सांगत होते, बाबांसाठी केलं! खोटं. पेनिनाने ती कोरी मांडी बघू नये म्हणून केलं. मला माझ्या बापाची लाज वाटली. आता माझीच वाटते.

१६ एप्रिल

मॅडमना सांगून फिल्म काढायला लावली. उपयोग शून्य, गावभर मोबाइलमध्ये पोचली आहे. बाबांना म्हटलं, बरं नाही असं कळवते.

"म्हणजे आणखी एक चित्र काढणार तू?"

१७ एप्रिल

ध्वजदिन. होड्यांची शर्यत बघायला गेले नाही. जाईल तिथे लोक बाबांचं अभिनंदन करतात.

१९ एप्रिल

बाबा गेले. मीही गेले, बायकांच्या मागे अंग चोरून बसले. वाटलं, कचरतील, काहीतरी निमित्त काढतील, परत फिरतील. त्यांनी शर्ट काढला. लावालावा वर खोचला. सगळ्या बैठकीसमोर ती कोरी मांडी.

"पोरीने मला पुरा केलाय," म्हणाले, "पण मी अर्धाच आहे. तेव्हा दुखलं, म्हणून पळालो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी रडले असते, तशीही रडलेच. आवा दुसऱ्या कुणी वाढला. बाबा दाराशी जाऊन बसले. शर्ट घातला नाही. थोड्या वेळाने पेलेनातो काका उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन टेकले.

येताना वाटेत काका मला हळूच म्हणाले, खोटं आहे हे त्यांनी त्या रविवारीच ओळखलं होतं. उजवी मांडी म्हणजे डावीची आरशातली सावली, कुठल्या तुफुंगाचा गोंदणारा हात इतका सारखा चालतो? मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"त्याला एकदा पुरा बघायचं होतं गं. माझा जोडीदार आहे तो."

२१ एप्रिल

लॅबमध्ये बसून सगळ्या फ्रेममधली उजव्या मांडीची नक्षी पुसली. बसवण्यापेक्षा पुसायला जास्त वेळ लागला. पेनिना बघत होती. बघू दे.

२४ एप्रिल

बाबांनी आपियाला तुफुंगांकडे निरोप धाडला – राहिलेलं पुरं करायचं. या वयात! मी म्हटलं, काकांचं तर कधीच झालंय. आता जोडीला कोण बसणार?

बाबांनी कोकोचा कप खाली ठेवला. म्हणाले, "तुझी परीक्षा कधी संपते?"