शोभेची सात वर्षं

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात वाद्यं उचलून कंबर धरली आहे, वाकलो तर उठवायला माणूस लागेल). तू बरी असशीलच. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? ते अजून मला 'आमचा बडवणारा मेहुणा' म्हणतात का? म्हणू देत. आता तेवढाही मान उरला नाही.

जगभरच्या तालांचा संगम करतो म्हणून मी नुसता तबला वाजवणं सोडलं आणि गुरुजींनी माझ्याशी बोलणं टाकलं, हे तुला ठाऊकच आहे. मग सहा देशांची वाद्यं जमवली. एक मांडीत धरायचं, एक काखेत, आणि एक तर चक्क लाकडी खोका, ज्यावर बसून तोच बडवायचा (हे भाऊजींना सांगू नकोस, जन्मभर हसतील). या बँडमध्ये येऊन सात वर्षं झाली. बाकीचे हात हलवत येतात, मी मागच्या जिन्यानं सामानाचे अकरा डाग एकटा चढवतो. पण पोस्टरवर सगळ्यांत मोठा फोटो माझा, त्या साऱ्या पसाऱ्यासकट! खोटं कशाला बोलू, मी मनातून फुगलो होतो.

परवा आमचा आवाज सांभाळणारा आजारी पडला, बदली एक बाई आल्या. कार्यक्रमाआधी त्यांनी मला विचारलं, "तुमचे माईक चालू करू, की नेहमीसारखे बंदच?" मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. तर त्यांच्यासमोर बटणांची ती लांबलचक फळी, आणि प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर नाव. ड्रम, गिटार, बासरी, गायिका. माझ्या बटणांखाली त्या आजारी पडलेल्या माणसानं लिहिलं होतं, 'शोभा'. पट्टी पार पिवळी पडलेली. अक्षर मात्र सुरेख होतं गं मेल्याचं!

म्हटलं, करा चालू. पहिल्याच गाण्यात पाच आणि सात मात्रांचा जो गुंता मी रोज घाम गाळून सोडवतो (कुणासाठी, देव जाणे), तो पहिल्यांदा सभागृहात ऐकू गेला. ड्रमवाला दचकून थांबला, गायिका शब्द विसरली. मध्यंतरात बँडचा मालक तणतणत आला, "काय गोंगाट लावलायस?" मी म्हटलं, रोज हेच वाजवतो. तो म्हणाला, "रोज? अरे, मला वाटलं तू नुसते हात हलवतोस!" उत्तरार्धात शोभा पुन्हा बंद. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या.

ताई, फार लागलं. आत जाऊन त्याच खोक्यावर बसून रडलो. लहानपणी डबे मी बडवायचो आणि आईचे धपाटे तू खायचीस, ते सगळे फुकट गेले. हा धंदा मी सोडतोय. भाऊजींच्या गोदामातली कारकुनी अजून रिकामी असेल तर विचार. मोजणी मला चांगली येते.

तुझा
धाकटा

ता. क. त्या आवाजवाल्याला फोन केला होता. आमच्या चारही रेकॉर्डमध्ये माझी एक थापसुद्धा ठेवलेली नाही म्हणे. मग दर वेळी 'तिसऱ्या गाण्यात तुझा हात ऐकून डोळे भरून आले' असं तू लिहायचीस, ते काय ऐकून?

पुन्हा ता. क. वरच्या प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस. भाऊजींनाही कारकुनीचं काही विचारू नकोस. बुधवारी पाचव्या रेकॉर्डचं काम सुरू होतंय, वाद्यं आजच पुसून बांधली. रेकॉर्ड हातात आली की नेहमीसारखं पत्र लिही. फक्त या वेळी चौथ्या गाण्याबद्दल लिही. त्यात मी फार जीव ओतणार आहे.