पालकांची संमती

पप्पा, आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे तुम्ही मध्येच बोलणार नाही, एवढी एक सोय आहे.

इंटरनेटवरच्या घाणीपासून मुलांना वाचवायला सरकारने नियमांचा मसुदा काढलाय. मुलाचं खातं उघडायचं तर आधी पालकांची संमती हवी. आमच्या कंपनीतर्फे त्यावर सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. पालक सजग असतात, असं मी त्यात बिनदिक्कत ठोकून दिलं. त्याच आठवड्यात, मीटिंग चालू असताना लेकीचा फोन आला. "मम्मी, तुला ओटीपी आलाय बघ, पटकन सांग ना." मी सांगून टाकला. कशाचा, ते विचारलंही नाही. ती तेरा वर्षांची आहे, आणि एका चॅट अ‍ॅपवर तिचं खातं उघडायला लागणाऱ्या माझ्याच संमतीचा तो ओटीपी होता. काल तिच्या फोनवर एका अनोळखी माणसाचे मेसेज सापडले. फोटो मागत होता. मी घर डोक्यावर घेतलं, फोन काढून घेतला. तेव्हापासून ती बोलत नाही. तिने फोटो पाठवला की नाही, हेच मला माहीत नाही.

सारखा तुमचा विश्रांतवाडीतला नेट कॅफे आठवतोय. केबिनला दारं नकोत, असा पोलिसांचा आदेश आला तेव्हा बाकीच्यांनी पडदे लावून वेळ मारून नेली. तुमच्या अंगात आधीच्या कारखान्यातल्या नोकरीची शिस्त. तुम्ही दारं तर काढलीतच, वर सगळी टेबलं फिरवून प्रत्येक स्क्रीन आपल्या खुर्चीकडे केली. "ज्याला लपवायचंय त्याने दुसरीकडे जावं," म्हणालात, आणि गिऱ्हाइकं खरंच गेली. त्याच खुर्चीतून तुम्ही माझ्याकडे बघताय. मी चौदा वर्षांची, चॅटवर कुणीतरी मला भेटायला बोलावतंय. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडता, "ऊठ. घरी जा. उद्यापासून इथं पाय ठेवायचा नाही." तो कोण, काय म्हणतो, एका शब्दाने विचारत नाही. मला तुमचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

मी गेले होते, पप्पा. दुसऱ्या दिवशी, क्लास बुडवून, स्वारगेटला. तुमच्या वयाचा माणूस होता. त्याने माझा दंड धरला. मी हिसडा देऊन सुटले आणि समोर आली त्या पीएमटीच्या बसमध्ये चढले. घरी तुमच्या शेजारी बसून जेवले. सांगावंसं वाटत होतं, पण तुमच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही.

तुम्ही वाईट नव्हतात, हे मला कळतं. घाबरला होतात. कालपासून तर फारच कळतंय. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. आणि एक सांगायचं राहिलं. काल मी ओरडत होते तेव्हा ती दोनदा म्हणाली, "मम्मी, ऐक ना." मी ऐकलं नाही.